जांभूळ बरा होतोय

आमचा मासा जांभूळ खायला लागला. आधी हेच सांगून टाकते, कारण तो आजारी असल्याचं ज्यांना माहीत आहे, ते भेटले की पहिलं हेच विचारतात. खातोय, हिंडतोय, डाव्या डोळ्यावर आलेला धुरकटपणाही जवळजवळ गेलाय. पण तो अजून हॉलमधल्या टँकमध्ये परत गेलेला नाही आणि होळीपर्यंत जाणारही नाही. "बरा झालाय ना, मग सोड की आता," असं घरचे म्हणतात, शेजारचे म्हणतात, लॅबमधलेही म्हणतात. का सोडत नाहीये ते एकदा नीट लिहायचं होतं.

जांभूळ म्हणजे आमचा कोरल ब्यूटी. खाऱ्या पाण्यातला छोटा एंजलफिश. नाव लेकीने ठेवलं. डोकं, पाठीची कड आणि शेपूट गर्द जांभळं-निळं, मधलं अंग नारिंगी आणि त्यावर बारीक उभ्या जांभळ्या रेघा. पूर्ण वाढला तरी दहा सेंटिमीटरच्या आसपास. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळांमध्ये राहणारा हा मासा दिवसभर खडकावरचं शेवाळ टिपत फिरतो. त्याच्या टँकमध्येच क्लाऊनफिशची एक जोडी आहे, एक क्लीनर श्रिंप, काही गोगलगायी आणि हर्मिट खेकडे. खरी प्रवाळं नाहीत आणि नसणारच. दगडी प्रवाळं २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरी ठेवणं गुन्हा आहे. आमचे खडक माणसाने बनवलेले आहेत, आणि ते दिसायलाही छान आहेत.

क्लाऊनची पैदास आता बंदिस्त पाण्यात होते. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवली आहे. माझी जोडी तशीच, हॅचरीत जन्मलेली. जांभूळचं तसं नाही. कोरल ब्यूटी बहुतेक समुद्रातूनच पकडून येतात. कुठल्या तरी कपारीतून उचललेला हा जीव आता सह्याद्रीच्या या बाजूला, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या हॉलमध्ये राहतो. तो स्वतःहून आलेला नाही, मी आणलाय. त्यामुळे त्याला इथे धड जगवणं हे माझं काम आहे, आणि त्यात मला कसलीही तडजोड करायची नाही.

डिसेंबरात नाशिकची थंडी कशी पडते हे इथल्या माणसाला सांगायला नको. निफाडचा पारा रोज पेपरात येतो. त्यातल्याच एका कडक रात्री आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर गेला. इन्व्हर्टरने हीटर आणि पंप जमेल तितका वेळ ओढला, मग नुसता बॅटरीवरचा एअर पंप उरला. सासूबाईंनी स्वतःची गोधडी काढून टँकभोवती गुंडाळली. नवऱ्याने गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरल्या, त्या आम्ही वरून पाण्यात तरंगत ठेवत होतो. एरवी २६ अंशांवर असलेलं पाणी सकाळी वीज येईपर्यंत २० च्या खाली गेलं होतं. सगळे जगले. मला वाटलं, सुटलो.

मग काही दिवसांनी जांभूळ अंग घासायला लागला. खडकाजवळून जाताना मध्येच आडवा व्हायचा आणि कूस खडकावर फटकन घासून पुढे जायचा. श्वासाचा वेग वाढला होता. आणि एका सकाळी त्याच्या जांभळ्या शेपटीवर, परांवर पांढरे ठिपके दिसले, रव्याचे कण चिकटल्यासारखे.

हा मरीन इक. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. थंडीने तो जन्माला येत नाही. तो आधीपासून टँकमध्ये असतो, माशाच्या कल्ल्यांमध्ये चार-दोन कण दडून बसलेले असतात, आणि धडधाकट मासा त्यांना दाबून ठेवतो. माशावर ताण आला, त्याची ताकद कमी पडली, की तो उसळतो. हे अर्थात नुसत्या डोळ्यांनी बघून केलेलं निदान, आणि पांढरे ठिपके म्हणजे दरवेळी इकच असं नसतं. वेल्व्हेट म्हणून दुसरा आजार आहे, अमायलूडिनियम नावाच्या परजीवीचा. त्याचे कण जास्त बारीक असतात आणि तो फार भरभर मारतो. दोघांचे सगळे उपचार सारखे नसतात. एकावर चालणारी प्रत्येक पद्धत दुसऱ्यावर चालतेच असं नाही.

इथे माझा धंदा कामाला आला. मी डीएमएलटी आहे, म्हणजे पॅथॉलॉजी लॅबमधली तंत्रज्ञ. इतकी वर्षं रक्त, लघवी, शौच, थुंकी यांचेच नमुने बघत आलेय. शिकत असताना घेतलेला सेकंडहँड मायक्रोस्कोप अजून घरी आहे, आरशाचा, एका डोळ्याने बघायचा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तो मांडला.

जांभूळला जाळ्याने धरता येत नाही. एंजलफिशच्या गालावर, कल्ल्याच्या झाकणापाशी एक काटा असतो. तो जाळ्यात अडकला की सोडवताना मासा जखमी होतो. म्हणून प्लॅस्टिकची चाळण. ती पाण्यात धरायची, लेकीने हळूच मागून हुसकायचं, आणि तो चाळणीत शिरला की उचलायची. ओल्या हातमोज्यात त्याला धरला आणि कव्हरस्लिपची, म्हणजे स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचेची, कड डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने एकदाच फिरवली. काही सेकंदांचं काम. तो परत पाण्यात गेला, आणि कव्हरस्लिपवर चिकट पांढरट रेघ राहिली.

लॅबमध्ये अशी ओली स्लाइड करताना आमचा हात आपोआप नॉर्मल सलाईनच्या बाटलीकडे जातो. पण सलाईनमध्ये मीठ ०.९ टक्के, समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के. समुद्रातला एकपेशीय जीव सलाईनमध्ये टाकला तर पाणी आत शिरून फुगेल आणि फुटेल, मग बघणार काय? म्हणून थेंब टँकच्याच पाण्याचा घेतला. दहाच्या लेन्सखाली स्लाइड सरकवत गेले आणि तो दिसला. गोल, काळपट, दाणेदार, आणि स्वतःभोवती संथपणे फिरणारा. कडेला बारीक केसांची सतत लवलव. तांबड्या रक्तपेशी बघायची सवय असलेल्या डोळ्याला तो अवाढव्य वाटतो. पेशी सात मायक्रॉनची, आणि हा पूर्ण वाढला की तीनशे-चारशे मायक्रॉनपर्यंत जातो. आतला केंद्रक दाण्यांमुळे दिसत नाही. कॉलेजात बॅलँटिडियम या आतड्यातल्या परजीवीची स्लाइड दाखवली होती, त्यानंतर केसांवर फिरणारा जीव मी आत्ताच पाहत होते. दुसऱ्या स्लाइडवर ल्युगॉल आयोडीनचा थेंब टाकला. वेल्व्हेटच्या कणात स्टार्च असतो, तो आयोडीनने काळपट होतो, शिवाय ते कण हलत नाहीत. तसं काही नव्हतं. लेकीलाही बघायला दिलं. ती बराच वेळ डोळा लावून उभी होती आणि मग म्हणाली, "आई, हा एवढा सुंदर आहे आणि जांभूळला खातोय?"

एका दुकानदाराने सुचवलं होतं, तांब्याचं औषध टँकमध्येच टाका, दोन दिवसांत ठिपके जातील. तांब्याने इक मरतो हे खरं आहे, जगभर ते औषध वापरतात, पण वेगळ्या टँकमध्ये आणि रोज प्रमाण मोजून. हॉलमधल्या टँकमध्ये टाकलं असतं तर श्रिंप आणि गोगलगायी आधी मेल्या असत्या, आणि चुनखडीचे खडक तांबं शोषून घेतात ते वेगळंच. छोट्या एंजलना तांबं फारसं मानवतही नाही. आम्ही भांडी बाजाराच्या गावातली माणसं, घरात पाणी तांब्याच्याच कळशीतलं पितो. पण टँकच्या पाण्याजवळ मी तांब्याचं भांडं येऊ देत नाही.

मी निवडली ती औषधाशिवायची पद्धत, माशाला टब बदलत नेण्याची. ती समजायला या परजीवीचा फेरा समजून घ्यावा लागतो. माशाच्या कातडीखाली बसून तो साधारण तीन ते सात दिवस खातो आणि वाढतो. मग बहुतेक रात्रीच्या अंधारात माशाला सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो, आणि त्या गाठीत विभागत राहतो. एका गाठीतून शेकडो पिलं बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. आणि गाठीतून पिलं बाहेर यायला किमान तीन दिवस लागतात. सगळी किल्ली या तीन दिवसांत आहे. दर बहात्तर तासांनी मासा स्वच्छ, कोरड्या, नव्या पाण्याच्या टबमध्ये हलवला, की त्याच्या अंगावरून गळून पडलेल्या गाठी मागच्या टबमध्ये राहतात आणि पिलं फुटायच्या आत मासा निघून गेलेला असतो. अशा चार बदल्या केल्या की अंगावर बसलेले सगळे उतरून गेलेले असतात.

वाचायला सोपं आहे. करायला घर लागतं. टब हॉलपासून लांब, मागच्या खोलीत ठेवले, कारण एअर पंपाच्या बुडबुड्यांमधून उडणाऱ्या तुषारांतूनही परजीवी जाऊ शकतो. सगळं दोन-दोन: टब, हीटर, एअर स्टोन, लपायला पीव्हीसीचे एल्बो, चाळणी, टॉवेल. वापरलेला संच व्हिनेगरने धुऊन गच्चीवर कडक उन्हात वाळवायचा. नाशिकचं हिवाळ्यातलं ऊन या कामाला फार उपयोगी पडलं. पाणी दर खेपेला नवं. आरओचं पाणी, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ, रात्रभर पंपाने घुसळायचं, २६ अंशांवर आणायचं, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर घनता १.०२५ बघायची. टाकीतून येणारं पाणी त्या दिवसांत इतकं गार असायचं की ते तापायलाच अर्धी रात्र जायची. टबमध्ये फिल्टरचे जिवाणू नसतात, त्यामुळे अमोनिया साठतो, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्यामुळे तो गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. म्हणून रोज टेस्ट. बदली पहाटे, दिवे लावायच्या आधी, म्हणजे रात्री गळालेले मागेच राहतात. चाळणीतून मासा जातो, जुनं पाणी जात नाही. क्लाऊनच्या अंगावर मोजके ठिपके होते, पण तेही याच फेऱ्यात. घरातला प्रत्येक मासा बाहेर काढला नाही तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

बदलीची वेळ सासूबाई लक्षात ठेवायच्या. पंचांगाच्या कॅलेंडरवर त्यांनी पेन्सिलीने मासा काढून ठेवला होता. आदल्या संध्याकाळी मला लॅबमधून यायला उशीर झाला की फोन यायचा, "अगं, उद्या जांभूळची पहाट आहे, मीठ कालवायचंय ना?" त्या स्वतः मासे खात नाहीत, स्वयंपाकघरात कोळंबीचं पाकीट आलेलं त्यांना चालत नाही. जांभूळसाठी त्यांनी फ्रीजरमधला एक कप्पा रिकामा करून दिला.

सगळ्यात वाईट काळ पहिल्या दोन बदल्यांमधला होता. तो काहीच खात नव्हता. एल्बोच्या आत तोंड भिंतीकडे करून, पर मिटून बसायचा. डावा डोळा धुरकट झाला होता. ठिपक्यांपेक्षा मला भीती वेगळीच होती. खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतं. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर समुद्राकडे ओढलं जातं, आणि ते भरून काढायला तो सतत समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. इकने कातडीला आणि कल्ल्यांना जागोजाग भोकं पाडली की हा तोल जातो. पाण्यात असूनही मासा सुकत जातो. वॉर्डातल्या पेशंटला डिहायड्रेशन झालं तर सलाईन लावता येतं. जांभूळला मी काय लावणार? पाणी स्वच्छ ठेवायचं, उजेड कमी ठेवायचा आणि त्याला त्रास न देता बघत राहायचं, एवढंच हातात होतं. लसणाचा रस लावलेलं खाणं भूक वाढवतं असं म्हणतात, म्हणून तेही दिलं. परजीवी त्याने मरत नाही, पण एखादा घास गेला तरी हवा होता.

तो घास गेला तो नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्याचा. एल्बोला रबरबँडने नोरीचा तुकडा बांधून ठेवला होता, आदल्या दिवशीचा तसाच काढून टाकला होता. त्या संध्याकाळी तो एल्बोतून अर्धा बाहेर आला, तुकड्यासमोर थांबला, एक डोळा त्याच्याकडे वळवला, मग दुसरा, आणि कडेला एक टोच मारली. थुंकला. पुन्हा टोच मारली. या वेळी नाही थुंकला. पाठीवरचा पर पूर्ण उघडला होता. मी लेकीला हाक मारली, ती धावत आली, आणि आम्ही दोघी तिथेच फरशीवर बसून राहिलो, तो थांबेपर्यंत. कोळंबीचे बारीक तुकडे त्याच आठवड्यात घ्यायला लागला. चौथ्या बदलीपर्यंत अंगावर एकही ठिपका नव्हता, आणि श्वास संथ झाला होता.

इथेच सगळे म्हणाले, सोड आता.

ठिपके जातात तेव्हा परजीवी मेलेला नसतो, तो खाऊन निघून गेलेला असतो. उपचार काहीही न करताही ठिपके एकदा जातातच, आणि मग आठवड्या-दोन आठवड्यांत दसपटीने येतात. कितीतरी मासे त्या दुसऱ्या लाटेत मरतात, आणि लोकांना वाटतं बरा झालेला मासा अचानक गेला. जांभूळच्या अंगावर आता काही नाही. पण हॉलमधल्या टँकच्या खडकांवर, वाळूत गाठी आहेत. काही गाठींमधून पिलं बाहेर पडायला ७२ दिवस लागल्याची नोंद आहे. म्हणून जाणकार टँक ७६ दिवस माशाविना ठेवायला सांगतात. श्रिंप, गोगलगायी, खेकडे यांच्यावर हा परजीवी जगत नाही, ते तिथेच राहतात. मी त्यांना खायला घालते आणि टँक चालू ठेवते. पिलं फुटतात, मासा शोधतात, मासा नसतो, मरतात. हे संपेपर्यंत थांबायचं.

लॅबमध्ये हे रोज दिसतं. टीबीची औषधं सुरू झाली की काही आठवड्यांत खोकला कमी होतो, वजन भरतं, माणूस कामावर जायला लागतो. आणि सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडतो, कारण त्याला बरं वाटतंय. मग कधीतरी तेच नाव थुंकीच्या डबीवर पुन्हा येतं, आणि या वेळचा जंतू जुन्या गोळ्यांना जुमानत नाही. ते नाव रजिस्टरमध्ये पुन्हा लिहिताना मला जो राग येतो, तो त्या माणसावरचा नसतो. बहुतेकांना कुणी नीट समजावून सांगितलेलंच नसतं की बरं वाटणं कोर्सच्या सुरुवातीला येतं. ते जांभूळच्या बाबतीत तरी माझ्या हातात आहे.

तर आता तिघं मागच्या खोलीत दोन फुटी टँकमध्ये आहेत. त्याच्या फिल्टरचा स्पंज हॉलमधल्या टँकमधून घेता येत नव्हता, गाठी त्याच्याबरोबर आल्या असत्या. म्हणून बदल्या चालू असतानाच एका बादलीत नवा स्पंज लावला, बाटलीतले जिवाणू घातले, अमोनियासाठी कोळंबीचा तुकडा सडायला ठेवला आणि तो तयार करून घेतला. सासूबाईंनी त्या वासाचं एका शब्दाने काढलं नाही. डोळा रोज निवळतोय. त्याला वेगळं औषध द्यावं लागलं नाही. शेपटीच्या टोकाला पर थोडा फाटला होता, तिथे आता पारदर्शक नवी कड आली आहे, अजून रंग भरलेला नाही. जांभूळ पुन्हा काचेवरचं शेवाळ टिपायला लागला आहे आणि क्लाऊनच्या नोरीवरही हक्क सांगतो.

होळीच्या सुमारास मुदत संपेल. तेव्हा खडकांची मांडणी बदलणार आहे आणि जांभूळला आधी सोडणार, क्लाऊनना नंतर, म्हणजे ती जोडी सगळी जागा बळकावून बसणार नाही. इन्व्हर्टरला दुसरी बॅटरी जोडून झाली आहे. तोवर त्याला बघायला ज्यांना यायचंय त्यांनी जरूर या. फक्त हॉलमधल्या टँकच्या पाण्यात हात घालून मागच्या खोलीत जायचं नाही. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, आणि मग जायचं.